नोटरी आहे, पण वकील नाही?

ह्यूस्टनहून प्रश्न आला आहे. तिथल्या एका नोटरीच्या दुकानावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये पाटी आहे: 'मला टेक्सासमध्ये वकिलीचा परवाना नाही. मी कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही आणि त्यासाठी पैसे घेऊ शकत नाही.' प्रश्नकर्ते विचारतात, वकील नसेल तर तो नोटरी कसला? आणि या पाटीमागे ज्या गुन्ह्याची भीती आहे, त्या 'अनऑथराइज्ड प्रॅक्टिस ऑफ लॉ'ला मराठीत काय म्हणावं?

आधी नोटरी. आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेले, काळ्या कोटातले वकीलसाहेबच येतात, आणि त्यात आपलं काही चुकत नाही. १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम यांनुसार आपल्याकडे साधारणपणे दहा वर्षं (महिला आणि मागास प्रवर्गांसाठी सात) वकिली केलेल्यालाच हे पद मिळतं. त्यामुळे मराठीत 'नोटरी' म्हणताना त्यात वकील आपोआप येतो.

अमेरिकेत तसं नाही. तिथे नेमणूक राज्य करतं आणि बहुतेक राज्यांत वकील असण्याची अट नसते. टेक्सासात वय १८, अर्ज, शुल्क, दहा हजार डॉलरचा बाँड (हमी) आणि आता एक छोटं प्रशिक्षण, की चार वर्षांचं कमिशन, म्हणजे नेमणुकीचा परवाना. बँकेतला कर्मचारी नोटरी असतो, कुरिअरच्या दुकानातली मुलगीही असते. काम एवढंच: समोरचा माणूस तोच आहे ना हे ओळखपत्रावरून पाहायचं, तो राजीखुशीने सही करतोय ना हे बघायचं आणि शिक्का मारायचा. टेक्सासात पूर्वी नोटरीला अमेरिकी नागरिकत्वाची अट होती. १९८४ साली बर्नाल विरुद्ध फेंटर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि कारण हेच दिलं की हे काम मुळात कारकुनी स्वरूपाचं आहे. आपल्या शब्दकोशांतला 'लेख्यप्रमाणक' हा सरकारी घडणीचा शब्द कोणी वापरत नाही, पण गंमत अशी की तो आपल्या नोटरीपेक्षा अमेरिकी नोटरीलाच जास्त चपखल बसतो.

मग पाटी कशाला? कारण स्पॅनिश भाषकाची अडचण आपल्यासारखीच आहे, फक्त जास्त महागात पडणारी. मेक्सिकोत 'नोतारियो पुब्लिको' म्हणजे मुरलेला कायदेपंडित. घराचं खरेदीखत त्याच्याशिवाय होत नाही. तोच शब्द टेक्सासातल्या दुकानावर दिसला की नव्याने आलेला माणूस विश्वासाने आत शिरतो आणि इमिग्रेशनचे कागद त्याच्या हाती देतो. चुकीचा अर्ज भरला जातो, मुदत निघून जाते, पैसे जातात, आणि कधीकधी देशाबाहेर काढण्याची कारवाईच मागे लागते. म्हणून काही राज्यांनी चक्क एका भाषांतरावर बंदी घातली. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या राज्यांत वकील नसलेल्या नोटरीने जाहिरातीत आपल्या पदाचं 'नोतारियो' असं शब्दशः भाषांतर करायचं नाही. टेक्सासात पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, पुन्हा केला तर गुन्ह्याची श्रेणीच वर जाते. कॅलिफोर्नियात कमिशन किमान वर्षभर निलंबित किंवा रद्द होतं. दुसऱ्यांदा पकडलं तर कायमचं जातं.

आता गुन्ह्याचं नाव. मशीनने केलेल्या भाषांतरात 'कायद्याचा अनधिकृत सराव' असं वाचायला मिळतं. सराव कबड्डीचा करतात, तेव्हा ते सोडून देऊ. वर्तमानपत्री 'बोगस वकील' हाही नेमका नाही. बोगस वकील आपण वकील असल्याची थाप मारतो, इथे तशी थाप मारायचीही गरज नसते. मला 'विनासनद वकिली' पसंत आहे, कारण वकिलाला 'सनद' असते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त 'वकिली' म्हटल्यावर कोर्टात उभं राहणं डोळ्यांसमोर येतं, ते इथे पुसायला हवं. अमेरिकी नियमांत कोणता फॉर्म लागेल हे सांगणं, दस्ताचा मसुदा करून देणं, एखादं कलम ठेवायचं की काढायचं हे सुचवणं, सगळं वकिलीतच मोडतं.

ही रेघ किती बारीक असते ते मुखत्यारपत्राच्या वेळी कळतं. अमेरिकेत राहून पुण्यातला फ्लॅट विकायचा म्हणून पुण्याच्या वकिलाने मसुदा ईमेल केलेला असतो. खाली नोटरीने काय लिहायचं याचा मजकूरच नसतो. नोटरी विचारते, "अ‍ॅक्नॉलेजमेंट हवं की जुरात?" पहिल्यात सही आपलीच असल्याची कबुली द्यायची, दुय्यम निबंधकापुढे दस्त कबूल करतो, साधारण तसंच. दुसऱ्यात मजकूर खरा असल्याची शपथ घेऊन सही तिच्यासमोरच करायची. आपण म्हणतो, "तुम्हीच सांगा ना, रोजचं काम आहे तुमचं." ती दोन्हींतला फरक सांगेल, निवड करणार नाही, ज्यांनी कागद दिला त्यांना विचारा म्हणेल. माणसाला वाटतं, बाई अडून बसली. पण निवड करून देणं म्हणजेच कायद्याचा सल्ला, आणि तिथे तिचं कमिशन पणाला लागतं. तेव्हा तो मजकूर पुण्याच्या वकिलाकडूनच आधी लिहून घ्यावा. (जाता जाता: 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी'तला अ‍ॅटर्नीही वकील नव्हे, मुखत्यार. इथे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे.)

सगळी अमेरिका मात्र एका मापाची नाही. लुइझियानात फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा दिवाणी कायदा टिकून आहे. तिथला नोटरी वकील नसला तरी खरेदीखत, मृत्युपत्र असे दस्त स्वतः तयार करू शकतो, त्याचं कमिशन आयुष्यभराचं असतं आणि परीक्षा बरीच अवघड. गोव्याच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल: पोर्तुगीज परंपरेमुळे तिथे उपनिबंधकच पदसिद्ध नोटरी म्हणून वारसाचा दस्त करतो, आणि २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्याच्या नावातच 'विशेष नोटरी' आहेत.

कॅलिफोर्नियातल्या मराठी नोटरींसाठी एक गोष्ट. जाहिरातीत 'मी वकील नाही' अशी सूचना छापण्याचा तिथला नियम फक्त स्पॅनिशपुरता नाही. इंग्रजीखेरीज कोणत्याही भाषेतल्या जाहिरातीला तो लागू आहे. म्हणजे मंडळाच्या दिवाळी अंकात मराठीत जाहिरात दिली, तर सूचना इंग्रजीत आणि मराठीतही छापावी लागेल. 'नोटरी' या मराठी शब्दावर तिथे बंदी नाही, पण तो वाचून आपल्या माणसाला वकीलच आठवणार, म्हणून सूचना ठसठशीत असावी. मी ती अशी लिहीन: 'मी वकील नाही, त्यामुळे इमिग्रेशनबाबत किंवा कायद्याच्या इतर कोणत्याही बाबतीत सल्ला देऊ शकत नाही.' सोबत कायद्याने ठरवलेलं शुल्कही छापायचं, एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर. टेबलावरच्या नावाच्या एकट्या पाटीला तेवढी सूट आहे.