वाचक विचारतात: काठी तोंडात घुसली, पण कुत्रा तर नॉर्मल वाटतोय

प्रश्न: डॉक्टर, काल आमच्या कुत्र्याला काठी फेकून आणायला लावत होतो, काठीचं एक टोक जमिनीत रुतलं आणि हा जोरात पळत जाऊन तोंडानेच तिच्यावर आदळला. केवढ्याने केकाटला! थोडं रक्त आलं, दहा मिनिटांत थांबलं पण. आज शेपूट हलवतोय, फक्त लाळ गळतेय आणि खाताना मान वाकडी करतोय. आमच्यासाठीची पेनकिलर घरात आहे, अर्धी देऊ का?

उत्तर: नाही, अजिबात देऊ नका, आणि हे वाचून झालं की लगेच निघा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाऊ शकते, अर्धी दिली तरी. चुकून दिलीच असेल तर लपवू नका हं, आम्ही रागावलो तरी सांगा, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं.

रक्त थांबलं म्हणून सगळे निर्धास्त होतात, पण काठीच्या जखमेत खरी गोम आत असते, घशाच्या मागचं भोक वरून बुजतं आणि साल, कुसळं आतच राहतात, मग दोन-तीन आठवड्यांनी मानेवर गळू येतं आणि तोवर काठी घरात कुणाच्या लक्षातही नसते. साध्या एक्सरेत लाकूड बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून भूल देऊन घसा नीट बघावा लागतो, कधी सीटी स्कॅनही. त्यामुळे आत्तापासून खायला काही देऊ नका. आणि ती काठी सापडली तर घेऊन या, टोक तुटलंय का ते आम्हाला बघायचं असतं.

निघायच्या आधी ओठ उचलून हिरडी बघा. बोटाने दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. तशी होत नसेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा मानेवर हात फिरवताना कातडीखाली बबल रॅपसारखं चुरचुर लागत असेल (म्हणजे आत हवा शिरलीये) तर दवाखान्यात फोन करून इमर्जन्सी आहे असं सांगूनच या. तोंड बांधू नका, श्वास अडकेल. पण दुखलं की लाडका कुत्राही चावतो, तेव्हा चेहरा जवळ नेऊ नका.

काठी अजून रुतलेली असती तर ओढायची नाही, हे बाकीच्यांसाठी. तीच रक्त दाबून धरत असू शकते.

प्रश्न: खेळताना पंजा काचेवर पडला, रक्त थांबतच नाहीये!

उत्तर: स्वच्छ कपडा दाबून धरा, पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. सगळे दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघतात आणि जमत आलेली गुठळी निघते. भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवा. काच आत रुतलेली दिसत असेल तर तिच्यावर दाबू नका, बाजूने दाबा आणि तसेच या.