पालकांचे प्रश्न: दुसऱ्या सोमवारचं रडं

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. १६ जूनला त्याची नर्सरी सुरू झाली. पहिला आठवडा मजेत गेला, पण दुसऱ्या सोमवारपासून फाटकाशी माझी ओढणी सोडत नाही. शाळा सकाळी आठची. सासूबाई म्हणतात, नजर चुकवून निघून ये. घरी आला की सँडल न काढता बाथरूमकडे पळतो. डबा अर्धा आणि पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. महिनाभर शाळा बंद ठेवू का?
– एक आई, सातारा

उत्तर: तुम्ही रडण्याबद्दल विचारलंत, पण माझी नजर अडली ती भरलेल्या बाटलीवर. बालवाडीत माझा जन्म गेला, म्हणून सांगते: तो बहुधा शू दाबून धरतोय आणि लागूच नये म्हणून पाणी पीत नाही. ही युक्ती मुलांना कुणी शिकवावी लागत नाही.

घरी नुसतं ‘शू’ म्हटलं की भागतं. शाळेत सगळ्यांदेखत बाईंना विचारायचं, ओल्या फरशीच्या अनोळखी जागी जायचं आणि वर नव्या गणवेशाच्या चड्डीला बटण आणि हूक! (साडेतीन वर्षांच्या मुलाला हूक लावणाऱ्याने तो एकदा घाईच्या वेळी स्वतः काढून बघावा.) पहिल्या आठवड्यात औक्षण, फुगे, गाणी यांत सगळं खपून जातं. ही अडचण रोजचीच, हे कळतं ते दुसऱ्या आठवड्यात.

तेव्हा बाईंना विचारून, शाळा सुटल्यावर त्याला घेऊन ती जागा बघून या. नळ कुठे, दिवा कुठे, दार लोटून घेतलं तरी चालतं का, सगळं त्यालाच करू द्या. मदतीला असणाऱ्या मावशींची ओळख करून द्या. या कामी त्या बाईंपेक्षा जवळच्या. दप्तरात एक कोरडी चड्डी ठेवा आणि ती आहे हे त्याला दाखवा. लघवीला जळजळ होत असेल किंवा थांबलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांच्या अंघोळी, नखं हासुद्धा बालवाडीचाच भाग होता. आता नर्सरीत पहिल्या महिन्यात एबीसीडी लागते आणि शूची वेळ मात्र ठरलेली नसते, याचा मला राग येतो.

सासूबाईंचा सल्ला मायेचा आहे, पण ऐकू नका. आई न सांगता नाहीशी होते हे एकदा कळलं की पोरगं तुम्हाला घरातही नजरेआड होऊ देणार नाही. ‘डबा खा, गोष्ट ऐका, मग मी फाटकाशी’ एवढं सांगा आणि निघा. ‘बारा वाजता येते’ त्याला कळत नाही. मागे वळून तीनतीनदा टाटा करू नका, आणि दिलेला शब्द पाळा. पाऊस असेल तर दहा मिनिटं आधीच निघा.

आठच्या वेळेबद्दल शाळेशी जरूर बोला. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा राज्य सरकारचा २०२४ चा आदेश आहे, तोही मुलांच्या झोपेसाठीच.

महिनाभर बंद ठेवलीत तर हे सगळं जुलैत पहिल्यापासून. रविवारनंतर थोडं रडं होईलच. बाईंना एवढंच विचारा, तुम्ही गेल्यावर किती वेळ रडतो आणि मग कशात रमतो. चड्डी मात्र आजच शिंप्याकडे टाका, इलॅस्टिक घालायला.