डेकला सागवान की फायबर? आधी उचलीचा हिशेब करू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेसाव्याचे एक नाखवा लिहितात: बोट लाकडी, चौदा वर्षं जुनी. डेकच्या फळ्या कुजल्यात, मासळी ठेवायच्या खणाच्या तोंडाशी पाय रुततो. बदलायचा डेक सुमारे ३०० चौरस फूट. मिस्त्रीने सागवानाचे २ लाख ६० हजार सांगितले, फायबरवाल्याने मरीन प्लाय आणि वर फायबर मिळून १ लाख ४० हजार. मुलाने मोबाईलवर बघून मऊ फोमच्या शीटचा ६५ हजारांचा पर्याय काढलाय. मासळीचा दलाल अडीच लाखांची बिनव्याजी उचल द्यायला तयार आहे, म्हणून नाखवांचं मन सागवानावर. पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत काम उरकायचं आहे. बँकेत दीड लाख आहेत. काय करावं?

नाखवा, आधीच सांगतो, मी पैशाचा माणूस. वेसावा–मढ फेरीबोटीतही मला मळमळतं. त्यामुळे लाकडाचं शेवटचं मत मिस्त्रीचं. पण तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, मी तिथेच अडकलो: ‘बोटीचा खालचा भाग अजून सहा-सात वर्षं काढेल असं मिस्त्री म्हणतो, आणि मुलगा धंद्यात येईलसं दिसत नाही.’

मग पंधरा वर्षांचा डेक कशाला विकत घ्यायचा? सागवान उत्तम, वाद नाही. पण सात वर्षंच वापरलं तर वर्षाला ३७ हजार पडतात. उरलेल्या आयुष्याचे पैसे बोट विकताना वसूल होतील ही आशा मी धरणार नाही. जुन्या बोटीचा गिऱ्हाईक इंजिन बघतो, जाळी आणि कागदपत्रं बघतो. डेक चांगला असेल तर मान डोलावतो, भाव वाढवत नाही.

फोमचं दोन ओळीत संपवतो. पाय शेकत नाहीत, दिसायला झकास, हौशी लोकांच्या बोटीला शोभतं. तुमच्या डेकवर बर्फाच्या लाद्या आपटतात, सुरी चालते, जाळी घासत ओढली जाते. शिवाय कुजक्या फळीवर चिकटवलेली शीट म्हणजे कूज झाकण्याची सोय, आणि ती वर्ष-दोन वर्षांत दुप्पट होऊन भेटते.

राहिलं प्लाय-फायबर. सात वर्षांना वर्षाचे २० हजार. मात्र यात एक मेख आहे, आणि ती तुमच्या वेळापत्रकात आहे. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे भर पावसाळा. ओल्या लाकडावर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवणारा द्रव, धरत नाही. आत अडकलेली ओल खालून कुजवत राहते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. ताडपत्रीचा मांडव घातला तरी हवेतला दमटपणा कुठे जाणार? सागवानाच्या फळ्या जुलैत बसवता येतील, फायबर नाही. म्हणून हे काम मेमध्ये, बोट ओढून लाकूड सुकवून करायचं. त्यात धंद्याचे समजा आठ दिवस जातील. तुम्हीच लिहिलंय की डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा जाऊन दिवसाला सरासरी ४ हजार सुटतात. म्हणजे ३२ हजारांचं नुकसान. तेही खर्चात धरा. १ लाख ७२ हजार, वर्षाला साडेचोवीस हजार. तरीही सागवानापेक्षा बारा हजारांनी स्वस्त. (आठचे वीस दिवस झाले तर मात्र हे गणित सागवानाच्या जवळ सरकतं. फायबरवाल्याकडून दिवस लिहून घ्या.)

आता उचल. मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

उचलीला व्याज नाही, हे खरं. पण तुमच्या पत्राप्रमाणे उचल असेपर्यंत सगळी मच्छी त्यालाच घालायची आणि नेहमीच्या दलालीवर तीन टक्के जास्त कापू द्यायचे. तुमची वर्षाची विक्री २४ लाख. त्याचे तीन टक्के ७२ हजार. अडीच लाखांवर वर्षाला ७२ हजार म्हणजे जवळजवळ २९ टक्के व्याज! आणि मुद्दल जागच्या जागी. चार वर्षांत तुम्ही उचलीपेक्षा जास्त पैसे दिलेले असाल आणि अडीच लाख तसेच उभे असतील. पापलेटला दुसरीकडे भाव चढला तरी तुमच्या टोपल्या तिकडे वळणार नाहीत, ते नुकसान तर मी धरलेलंच नाही. दलाल वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. सीझनमध्ये रात्री इंजिन बसलं तर पैसे घेऊन तोच येतो, बँक नाही. त्याला अशा रात्रीसाठी ठेवा.

पैसे असे उभे करा. १ लाख ४० हजारांवर आणखी ३० हजार हाताशी हवेत, कारण डेक उघडल्यावर खालचे आडवे वासे कसे निघतील ते उघडल्यावरच कळतं. एकूण १ लाख ७० हजार. बँकेतल्या दीड लाखातले ५० हजार जून-जुलैच्या घरखर्चाचे, त्यांना हात लावू नका. उरलेले एक लाख डेकला. पण मग ऑगस्टला डिझेल, बर्फ, रेशन कशातून भरणार? त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड. ते २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुलं आहे, व्याज ७ टक्के आणि वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट. ते खेळत्या भांडवलासाठी आहे, त्यामुळे डेकसाठी मागायला जाऊ नका, सीझनच्या भरणीसाठी मागा. अर्ज आत्ता एप्रिलमध्येच टाका, जुलैत धावपळ नको. कमी पडणारे ७० हजार तुमच्या मच्छीमार सोसायटीकडून. ११ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज साधारण साडेआठ हजार होतं. हप्ते ऑगस्ट ते मे असे बांधून मागा. बंदीत हप्ता आला की माणूस परत दलालाच्या दारात उभा राहतो.

वहिनींचे दागिने यात कुठेही येत नाहीत, हे मुद्दाम लिहितो. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख कंसात केला होता, तो वाचला मी.

फायबरवाल्याकडून काय घ्यायचं तेही लिहून ठेवा: १८ मिलीमीटरचा, आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) शिक्क्याचा प्लाय. बसवण्याआधी प्लायच्या कडा आणि स्क्रूची भोकं रेझिनने बंद केलेली. वर फायबरच्या मॅटचे दोन थर. आणि शेवटच्या हातात वाळू पेरलेली. गुळगुळीत चकचकीत डेक दाखवून कोणी खूश करू लागला तर नको म्हणा. बोंबलाच्या चिकट पाण्यावर खलाशी घसरला तर त्या चकाकीची किंमत वेगळीच पडते. तुमच्या खलाशांची नावं मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात आहेत का, हेही सोसायटीत जाल तेव्हा विचारा. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्यात ५ लाख मिळतात. आणि बोटीचा विमा असेल तर डेक बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

अॅडव्हान्स देण्याआधी एका सकाळी मिस्त्रीला घेऊन टोच्याने सगळा डेक टोचून बघा. जिथे टोच्या सहज आत जातो तिथे खडूने खूण करा. खुणा खणाभोवतीच्या शंभर चौरस फुटांतच निघाल्या, तर मला पुन्हा लिहा. तेवढाच तुकडा बदलून भागेल आणि वरचा अर्धा हिशेब फाडून टाकावा लागेल.