हेवी मेटल वाजवायला पहिली गिटार घेताय? स्पीकरचे पैसे राखून ठेवा
सगळं बजेट गिटारवर उधळू नका. टोन बराचसा स्पीकर ठरवतो. गिटारला ब्रिजपाशी (तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे) हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) हवाच, सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) जास्त गेनवर (आवाज फाडणारा अँपचा नॉब) घूंऽऽ करत राहतो. फ्लॉइड रोझ (दांडीने सूर वाकवता येणारा तरंगता ब्रिज) सध्या नको: एका तारेचा सूर उतरवला की बाकी पाचही तारांचा हलतो.

स्पीकर 12 इंची, बंद पाठीच्या कॅबिनेटमधला घ्या. पाम म्यूटचा (तळहाताने तारा हलक्या दाबून वाजवण्याचा) ठोसा तिथे मिळतो. सेलेस्टियन व्हिंटेज 30 हा स्पीकर जरूर ऐका, त्याचे मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज) ड्रम-बासच्या गर्दीतूनही गिटार पुढे आणतात.

व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर) असेल तर
- अँप आणि स्पीकरचे ओहम (विद्युत रोधाचा आकडा) जुळवा, 8 ला 8.
- स्पीकर जोडल्याशिवाय वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

नवख्यांची हमखास चूक: गेन 10, मिड्स शून्य. खोलीत भारी वाटतं, बँडमध्ये गिटार गायब! गेन 5, मिड्स 6 पासून सुरुवात करा, फरक लगेच कळेल.