शिफ्ट मोडू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वडिलांचे डायलिसिस साताऱ्याहून हलवून पुण्यात, तुझ्या घराजवळच्या सेंटरमध्ये करावे का, एवढाच तुझा प्रश्न आहे असे वरवर वाटते. परंतु तुझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. 1972 च्या दुष्काळात तुझी आजी माण तालुक्यात खडी फोडायला जात होती आणि तुझे वडील लहान वयात तिच्यामागून जाऊन सुकडीच्या, म्हणजे दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाऊच्या, रांगेत उभे राहत होते, हे तुला त्यांच्याकडून नव्हे, तर शेजारच्या बेडवरच्या परक्या गृहस्थांकडून कळले. घरी दिवसभर गप्प असणारा माणूस तिथे इतके बोलतो आणि मला मात्र काहीच सांगत नाही, असे तू लिहिले आहेस. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे, आणि उत्तर आधीच सांगून टाकते: त्यांची शिफ्ट, म्हणजे ठरलेल्या वेळी त्याच सोबत्यांबरोबर होणारे डायलिसिस, मोडू नकोस.

आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार चार तास, एक हात न हलवता पडून राहायचे असते. शेजारच्या गृहस्थांची आईही दुष्काळी कामावर होती. त्या घरानेही मिलोची, म्हणजे दुष्काळात बाहेरच्या देशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाल्ली होती. एकाने पाझर तलावाच्या कामाची गोष्ट काढली की दुसऱ्याला मुकादम आठवतो, तिसऱ्याला दावणीचे बैल आठवतात, आणि चाळीस-पन्नास वर्षे कोणी न विचारलेले घर पुन्हा उभे राहते. तुझ्यापाशी ते बोलत नाहीत यात तुझ्यावरचा राग नाही. मशीनवरून उतरलेला माणूस गळून गेलेला असतो, संध्याकाळपर्यंत त्याला उठून बसावेसे वाटत नाही. आणि नेमका त्याच वेळी तुझा फोन येतो. पाणी किती प्यालात, पोटॅशियम किती आले, भाजी भिजवून ते पाणी ओतून दिले का, हे प्रश्न आवश्यकच आहेत, पण त्यांना उत्तर म्हणून कोणी आपल्या आईची आठवण सांगत नाही.

पुण्याच्या सेंटरमध्ये एसी आहे आणि प्रत्येक बेडला वेगळा टीव्ही आहे, असे तू मोठ्या कौतुकाने लिहितेस. हे वाचून मी रागावले, ते लपवत नाही. मी आयुष्यभर डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर म्हणून काम केले आहे. शिफ्ट म्हणजे केवळ वेळापत्रकातली एक ओळ नव्हे. सकाळी वजनकाट्यावर चढताना 'आज किती किलो आणलेत?' असे सोबतचा रुग्ण विचारतो, तेव्हा दोन डायलिसिसच्या मधले पाणी जसे आवरले जाते, तसे आम्हा सिस्टरांच्या दरडावण्याने कधी आवरले गेले नाही. नव्या माणसाला फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेवर, बोटे ठेवून आतल्या रक्ताची खरखर रोज कशी तपासायची, हे जुनी माणसेच शिकवतात, आणि ज्या हाताला फिस्टुला आहे त्या हाताचे बीपी कोणालाही घेऊ देऊ नकोस, हेही तीच बजावतात. बोलता बोलता एखाद्याचा आवाज खाली गेला की मशीनने सूचना देण्याआधी शेजारी हाक मारतो, 'सिस्टर, यांचे बीपी पडतेय बघा.' ही राखण कोणत्या टीव्हीने होणार आहे? म्हणून पुन्हा सांगते, शिफ्ट मोडू नकोस.

माझ्या या हट्टाला कारण आहे. 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ठिकठिकाणी मशीन वाढली, हे फार चांगले झाले. त्याआधी पैशांअभावी तीनऐवजी दोनदाच येणारी माणसे मी पाहिली आहेत. मी ज्या ठिकाणी होते तिथेही मशीन वाढली, आणि व्यवस्थापनाने सर्व रुग्णांची नव्याने वाटणी केली. दोन बायका कित्येक वर्षे शेजारी शेजारी होत्या. एक कोकणातली, एक खटावची. फणस खायची मनाई असलेली ती कोकणातली बाई माहेरच्या फणसांचे असे वर्णन करी की सगळा वॉर्ड कान देऊन ऐके. त्यांना वेगळे करू नका, म्हणून मी वरपर्यंत भांडले. माझे कोणी ऐकले नाही. खटावच्या बाईंचे पुढे खाडे होऊ लागले, आणि त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूचे कारण शिफ्ट बदलणे हेच होते, असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचे हृदय आधीच थकलेले होते. परंतु त्यांचे शेवटचे महिने मुके गेले, एवढे मात्र मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याची खंत अजून गेलेली नाही. सहकारी मला भावनाप्रधान म्हणत. म्हणोत बापडे. सोबत असली की माणूस खाडा करत नाही, आणि खाडा झाला की पाणी फुफ्फुसात चढते. यात भावनेचा प्रश्न कुठे आला?

तुझी एक भीती खरी आहे. या शिफ्टमधले कोणीतरी एक दिवस जाईल आणि तुझ्या वडिलांना तो बेड रिकामा दिसेल. त्या वेळी युनिटमध्ये 'ते गावी गेलेत' असे सांगण्याची पद्धत असे. मी ती कधीच पाळली नाही, कारण रुग्णांना खरे कळतेच आणि मग सिस्टरच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. दुःख होईल म्हणून त्यांना आधीच एकटे करायचे, हा उपाय मला मान्य नाही.

वैद्यकीय कारण असेल तर मात्र क्षणाचाही विचार करू नकोस. हृदयाचा त्रास वाढला, आयसीयू हाताशी हवे असे डॉक्टर म्हणाले, किंवा तुझ्या आईला त्यांना नेणे-आणणे झेपेनासे झाले, तर पुण्याला ने; तिथेही एकच ठरलेली शिफ्ट माग, आणि बेड शक्यतो तोच मिळावा म्हणून आग्रह धर. तोपर्यंत जमेल त्या शनिवारी साताऱ्याला ये. आत सोडत असतील तर दुसऱ्या तासाला जाऊन बस. शेवटच्या तासाला बीपी उतरते, पायांत गोळे येतात, तेव्हा कोणाला बोलवत नाही. वडिलांना काही विचारू नकोस. त्यांच्या देखत शेजारच्या काकांना विचार, की आजी कोणत्या तलावाच्या कामावर होती. ते चुकीचे काही सांगू लागले की तुझे वडील आपणहून बोलतील.

तुझी,
सिस्टर