‘औषधांचं आल्यावर बघू’ म्हणाले असतील, तर आजच लेखी मागा

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून लिहायला बसलो. तुमचं स्काउट पथक पहिल्यांदाच आठवडाभराच्या उन्हाळी शिबिराला नेताय, हातात महिना आहे, दोन मुलांना दमा आहे, आणि शिबिराच्या ऑफिसने फोनवर सांगितलंय, ‘औषधांचं आल्यावर बघू, काळजी करू नका.’ आम्हालाही जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं.

सामानाच्या यादीत शिरत नाही. टॉर्च, टोपी, जादा मोजे हे तुम्हाला ठाऊक असणारच. सांगायचंय ते त्या ऑफिसबद्दल.

दम्याच्या मुलाला पंप (इनहेलर) जवळ ठेवता येईल का, असं आम्ही आधी फोनवर विचारलं होतं. ‘हो, त्यात काय,’ असं उत्तर मिळालं. प्रत्यक्ष पोचलो तेव्हा फाटकाजवळच्या टेबलामागे दुसरीच व्यक्ती बसलेली. तिच्यासमोर छापील नियम: सगळी औषधं प्रथमोपचार खोलीत जमा. पंप पाकिटात गेला, पाकिटावर नाव पडलं, पाकीट कपाटात आणि कपाटाला कुलूप. फोनवर बोलणं झालंय म्हटलं, तर ‘कोणाशी? लेखी आहे का?’ बराच वाद घातला, पण मागे सगळं पथक उन्हात उभं होतं.

मग एका संध्याकाळी धुळीच्या मैदानावर खेळ झाला आणि त्या मुलाला धाप लागली. खांदे वर ओढून श्वास घेत होता, एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. खोलीला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्या खिशात ते जेवायला गेलेले. एक जण किल्लीसाठी धावला, मी त्याला बाकावर ताठ बसवलं, हात टेबलावर टेकवले, स्कार्फ सैल केला. (दम लागलेल्या मुलाला आडवं करू नका, हे पथकातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.) पंप आला, मुलगा सावरला. पण ती मधली मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. नंतर तक्रार केली, तर ‘सर्व काही नियमानुसार झाले’ एवढंच उत्तर आलं. नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठी असतो ना? मग त्या मिनिटांत तो नियम कोणाच्या उपयोगी पडला? याचा राग मला आजही येतो.

म्हणून फोन पुरे. ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. त्यात सरळ विचारा: धाप लागल्यावर घ्यायचा पंप मुलाच्या खिशात राहील ना? दुसरा पंप आमच्या प्रमुखाकडे राहील ना? रात्री औषधांची किल्ली कोणाकडे असते? जवळचं रुग्णालय किती दूर आहे, गाडी तंबूंपर्यंत येते का, फोनला रेंज कुठे मिळते? रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप वेगळा, तो खोलीत जमा झाला तरी चालेल. हा फरक टेबलामागच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, म्हणून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहून घ्या. तीव्र अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रिनलिनचं पेन (तातडीचं तयार इंजेक्शन) असेल, तर तेही मुलाबरोबरच फिरलं पाहिजे, मात्र तापलेल्या गाडीत किंवा तंबूत पडून राहता कामा नये. उत्तराची छापील प्रत स्वतःजवळ ठेवा. मी डॉक्टर नाही, औषधाची मात्रा आणि वेळ मुलाच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सगळी ऑफिसं अशी असतात असंही नाही, पण तुमचं कसं आहे ते फाटकावर कळून उपयोग नाही.

आता बाकीचं थोडक्यात. पथकातले छोटे संघ आहेत तसेच न्या. तंबूत किती जण मावतात त्यावरून मुलांची फाटाफूट करू नका. स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वेगवेगळ्या थरांतली मुलं एकत्र आणून त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येकाला आपला नायक दिला. कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ, बुल अशी पक्षी-प्राण्यांवरून त्यांची नावं होती. माझ्या मते स्काउटिंगचा सगळा जीव इथेच आहे. पाणी कोण आणणार, भांडी कोण घासणार हे संघनायकाने ठरवायचं. तुम्ही दहा पावलं लांब उभे राहा, मुलं चुकली तरी चुकू द्या. सुरी, आग आणि खोल पाणी सोडून. पोहायला जोडीनेच, आणि वीज कडाडत असेल तर शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानात किंवा पाण्यात कोणी नाही. इथे मी कोणाचं ऐकत नाही.

जाण्याआधी एक रात्र त्याच तंबूंत काढा. खुंट्या कमी आहेत, चेन अडकते, हे तेव्हाच समजतं. दोऱ्या कशाच्या आहेत तेही बघा: सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची सैल पडते, त्यामुळे पावसानंतर दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं. बॅग मुलानेच भरायची. आईने भरलेल्या बॅगेतला टॉर्च अंधारात मुलाला सापडत नाही. नवे बूट घेतले असतील तर आत्तापासून घालून चालायला लावा. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून सराव सावलीतल्या हॉलमध्ये नको, बाहेर घ्या, हळूहळू वाढवत. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, हे मुलांना न लाजता सांगा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला तर आधी त्याला सावलीत घेऊन गार पाण्याने भिजवा, वारा घाला, आणि त्याच वेळी मदत बोलवा.

पालकांना एक विनंती नक्की करा: ‘करमलं नाही तर लगेच न्यायला येतो’ असं वचन देऊ नका. त्या वचनामुळे मूल पहिल्या रात्रीपासून परतीची वाट बघू लागतं. घरची आठवण बहुधा सुरुवातीचे दिवस छळते, कामात गुंतलं की उतरते. जेवण-झोपच सुटली असेल तर मात्र पालकांना फोन कराच, तिथे हट्ट नको.

शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, एक मुलगा अजून अंथरूण ओलं करतो, त्याला नेऊ का? जरूर न्या. त्याच्यासाठी जादा स्लीपिंग बॅग आणि खाली घालायला वॉटरप्रूफ चादर तुमच्या सामानात ठेवा, त्याच्या नाही. तुम्ही झोपायला जाताना त्याला एकदा उठवा. पहाटे बदलाबदल लागली तर कोणाकडे यायचं हे त्याला आधीच ठाऊक हवं. गोळी चालू असेल तर तीही त्या ईमेलमध्ये आणि फॉर्मवर यायला हवी. त्याच्या पालकांशी याच आठवड्यात बोला, बाकीचे पालक आजूबाजूला नसताना.