अनेक फायलींचे एकच पीडीएफ करताना
वर्डमधील अहवाल, एक्सेलमधील तक्ते आणि मोबाइलवर काढलेली छायाचित्रे एकत्र पाठवायची असतील, तर ती समोरच्याने केवळ वाचायची आहेत की त्यांत बदलही करायचे आहेत, हे आपण आधी ठरवावे. बदल करायचे असल्यास मूळ फायलींची झिप (अनेक फायली एकत्र बांधलेली एकच फाइल) पाठवावी. अन्यथा प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे पीडीएफ करून मगच त्या सर्व एकाच पीडीएफमध्ये जोडाव्यात. नवशिक्यांची हमखास चूक एक्सेलमध्ये होते: पान आडवे न केल्यामुळे शेवटचा रकाना तुटून पुढच्या पानावर एकटाच उतरतो, म्हणून प्रिंट प्रिव्ह्यू (पाने कशी दिसतील याची आधीची झलक) अवश्य पाहावा. फायली योग्य क्रमाने लागाव्यात म्हणून त्यांच्या नावांच्या सुरुवातीला 01, 02 असे क्रमांक द्यावेत. नुसते 1, 2 दिल्यास 10 पुष्कळदा 2च्या आधी लागतो. जीमेलमध्ये ईमेलला जोडायच्या फायलींची मर्यादा 25 एमबी असल्याने छायाचित्रे आधीच लहान करावीत. पीडीएफमधील बुकमार्क (ठरावीक पानावर नेणाऱ्या खुणा), पासवर्ड यांच्या मागे तूर्त लागू नका.